सॅम्पलला कुणाचा हात लागला

"हात दाखव," सर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, हातात काय आहे ते विचारतायत. हातात वही होती. ती मी टेबलावर ठेवली. "हात. दोन्ही," ते पुन्हा म्हणाले, आणि मी पहिलीतल्या पोरीसारखे दोन्ही हात पुढे केले. तळवे वर. मग त्यांनी बोटानं खूण केली, तसे उलटे केले. नखं दिसावीत म्हणून.

माझं वय तेव्हा अठ्ठावीस. पीएच.डी.चं चौथं वर्ष. नांदेडला, आमच्या विभागाच्या मीटिंगच्या खोलीत, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, सहा जणांसमोर मी हात पसरून उभी होते. त्यात एम.एस्सी.ची दोन पोरं होती, ज्यांना मीच पिपेट धरायला शिकवलेलं. त्यांनी माना खाली घातल्या. संकेतनं घातली नाही. तो माझा सीनियर. तो माझ्या नखांकडं बघत होता.

"घरी काय काय कामं करता तुम्ही लोक?" सरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. सर कधीच आवाज चढवत नाहीत. "म्हणजे तेल, मसाला, काही ना काही हाताला राहतं. हॉस्टेलवर स्वतः शिजवतेस का?"

"मेसमध्ये जेवते सर."

"मग घरून काही आणत असशील. तुमच्याकडं ते वाळवलेलं असतं..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं. पुरं करायची गरज नव्हती. आमच्याकडं मांस वाळवतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मी ग्लोव्हज घालते सर. रोज."

"ग्लोव्हज घालायच्या आधी हातच असतो," सर म्हणाले. संकेत हसला.

मी हात खाली घेतले नाहीत. हीच गोष्ट मला आजही सलते. ते "बस आता" म्हणेपर्यंत मी तशीच उभी होते. मग खाली बसले, वही उघडली आणि मीटिंगमध्ये जे बोललं गेलं ते व्यवस्थित उतरून घेतलं.

हे हाताचं प्रकरण कुठून निघालं, ते सांगते.

आमच्या लॅबमध्ये एका प्रोटीनचा अभ्यास चालतो. ते मुळात समुद्रातल्या जेलीफिशचं. आता ते जंतूंकडून बनवून घेता येतं, आणि ते बनवायचं काम माझं. जांभळा उजेड पडला की हे प्रोटीन हिरवं चमकतं. का चमकतं? तर उजेड पडताच त्याच्या आतला एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा उघडा कण, जागा सोडून शेजारी उडी मारतो. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातल्या मोजक्या तुकड्यांत ही उडी संपते. ती पकडायला लेझरचे तितकेच तोकडे झटके लागतात. पहिल्या झटक्यानं प्रोटीनला उठवायचं, दुसऱ्या झटक्यानं ते कुठवर आलं ते बघायचं. असं मशीन मराठवाड्यात एकच, असं सर प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

ही उडी प्रोटॉनचीच आहे हे कशावरून? त्याची एक जुनी कसोटी आहे. साध्या पाण्याऐवजी जड पाणी घ्यायचं. जड पाण्यातला हायड्रोजन जड असतो. म्हणजे प्रोटॉनच्या जागी त्याचा जाडा भाऊ येतो, आणि जाड्या भावाला उडी मारायला जास्त वेळ लागतो. सगळं मंदावलं, की समजायचं उडी खरी.

ऑक्टोबरमध्ये आमच्या आलेखात एक नवीनच गोष्ट दिसायला लागली. जड पाण्यातही थोडा उजेड असा होता, की तो आमच्या प्रोटीनसारखा मंदावत नव्हता. मला पहिल्याच दिवशी शंका आली. मी आहेच संशयी. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमच्या घरात तीन पिढ्यांची तोंडं पोळलेली आहेत. मी संकेतला म्हणाले, "हे आपल्या प्रोटीनचं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

संकेत उदगीरचा. घरची आडत, मोंढ्यात दुकान, सरांच्या घरी पंगतीला बसणारा. तो म्हणाला, "तू प्रोटीन बनव. आलेखाचं आम्ही बघून राहिलो ना."

सरांना त्यात शोध दिसला. प्रोटॉनला जायला दुसरी एक छुपी वाट आहे, असं ते म्हणायला लागले. डिसेंबरात पुण्याला परिषदेत बोलून आले. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर सरांचं आणि संकेतचं नाव. माझं शेवटच्या पानावर, आभारात, सॅम्पल बनवल्याबद्दल. जानेवारीत बंगळूरच्या एका गटानं तोच प्रयोग करून बघितला आणि त्यांना छुपी वाट काही सापडली नाही. त्यांनी सभ्य इंग्रजीत विचारलं, तुमचं सॅम्पल शुद्ध आहे याची खात्री आहे ना?

शोध होता तोवर तो सरांचा होता. चूक निघाली आणि ती माझ्या हाताची झाली.

वरवर बघितलं तर पुरावाही माझ्याच विरुद्ध होता. मशीनमधून नुसतं पाणी फिरवलं, साधं किंवा जड, तर सगळं साफ. माझं प्रोटीन फिरवलं, की ती खूण हजर. मग दोष प्रोटीनचा, आणि प्रोटीन बनवणारीचा. मी शेजारच्या विभागातल्या साध्या यंत्रावर माझं प्रोटीन तपासून घेतलं. तिथं ते स्वच्छ निघालं. तो कागद सरांना दाखवला. ते म्हणाले, "त्या यंत्राला काय दिसतंय?"

हात दाखवले त्या मीटिंगनंतर माझ्याकडून सॅम्पलचं काम काढलं. माझ्याच वहीत बघून संकेत प्रोटीन बनवायला लागला आणि मला बाटल्या धुवायला दिल्या. तीन आठवड्यांनी त्याचं सॅम्पल मशीनवर चढलं. खूण हजर! मला वाटलं, सुटले. सर म्हणाले, "बाटल्या कुणी धुतल्या होत्या?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. बाटल्याही गेल्या माझ्याकडून. मला दाराजवळच्या टेबलावर बसवलं आणि मशीनचं रजिस्टर लिहायला दिलं. कोण आलं, किती वाजता आलं, कोणतं सॅम्पल चढवलं. कशालाही हात लावायचा नाही.

आम्ही मातंग. औशाजवळच्या एका खेड्यातले. माझी आजी केरसुण्या बांधायची आणि औशाच्या बाजारात विकायची. दिवाळीला तीच केरसुणी लोक लक्ष्मी म्हणून पाटावर मांडतात, तिच्या पाया पडतात. आमच्या हातची केरसुणी देव्हाऱ्यापर्यंत चालते आणि हात उंबऱ्यापाशी थांबतो. आजीला याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, पण बोलायची नाही.

बाबा लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये शिपाई आहेत. मी सहावीत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर तिथं जायची, मागच्या बाकावर बसून ऐकायची. एक दिवस चाचणीच्या पेपरचा गठ्ठा हरवला. क्लासचे मालक थेट बाबांकडं आले आणि म्हणाले, "डबा उघड." बाबांनी उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. मालकांनी पेनच्या टोकानं भाकरी उचलून खाली बघितलं. वर्गातली पोरं बघत होती, मी बघत होते. गठ्ठा संध्याकाळी मालकांच्याच गाडीत सापडला. बाबांना कुणी काही म्हणालं नाही. बाबा मला म्हणाले, "जाऊ दे माय. मिळाला नव्हं?" त्या भाकरीतली अर्धी मला दिली. मी खाल्ली नाही.

म्हणून रजिस्टरच्या टेबलावर बसल्या बसल्या मी रडले नाही. मी रजिस्टर वाचायला लागले. मागची पानं. शिक्षा म्हणून दिलेलं काम होतं, पण त्या लॅबमध्ये सगळ्या तारखा एका जागी फक्त माझ्याच समोर होत्या.

छुपी वाट पहिल्यांदा दिसली ती तारीख मी शोधली. त्याच्या आधीचं सॅम्पल बघितलं. स्वच्छ. दोन्ही सॅम्पलं एकाच दिवशी बनवलेली, एकाच मोठ्या बाटलीतली, माझ्याच हातची. अर्धं आधी चढवलेलं, अर्धं नंतर. मधे फक्त एक ओळ होती. संकेतच्या अक्षरात, लाल शाईत. 'खंडेनवमी. पूजेनिमित्त मशीन बंद.'

मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसले.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. ट्रॅक्टर, शिलाई मशीन, जीप, दवाखान्यातलं एक्स-रे मशीन. मग लेझरची पूजा होते यात नवल काय? दरवर्षी होते. सरांच्या मिसेस, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, घरून ताट घेऊन येतात. झेंडूचे हार असतात, आपट्याची पानं असतात, पेढे असतात. पण तिथं नेमकं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. कारण चार वर्षांत मी एकदाही त्या खोलीत नव्हते. पहिल्या वर्षी सरांनी ऐन वेळी शहरात वजिराबादला कुरियर टाकायला पाठवलं. दुसऱ्या वर्षी स्टेशनवर पार्सल आलं होतं. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या इमारतीतून बर्फ आणायचा होता. या वर्षी म्हणाले, "तू कोल्ड रूममध्ये थांब, तुझं प्रोटीन बघ." प्रोटीन आदल्या दिवशीच झालं होतं. मी जाऊन थंडीत उभी राहिले. आरती संपली की मला बोलावलं, आणि मॅडमनी वरून पेढा सोडला. एकदा योगायोग, दोनदा योगायोग. चारदा?

मला आधीपासून शंका होती. पण ती मी स्वतःपाशीसुद्धा नीट बोलले नव्हते.

पूजेला खोलीच्या दारात आणखी एक जण होते. गफूरमामा, आमचे लॅब अटेंडंट. फुलं आणायची, स्टूल धरायचं, हे त्यांचं काम. मी त्यांना विचारलं, कशाकशाला हळद लावली?

"सब कू लगाए," ते म्हणाले. "लेझर के डब्बे कू, कंप्यूटर कू. वो सॅम्पल घुमाने का छोटा पंप है ना, उसकू बी. मॅडम बोले, इतकासा है बिचारा, इसकू बी टिका लगाओ. ढक्कन पे भर के लगाए, हळद बी, कुंकू बी."

"मग?"

"मग सर बोले दाग नक्को. तो संकेतभाऊ ने स्पिरिट मार के पुसे. चकाचक."

गफूरमामा खरं सांगतायत की मला बोलतं करून तिकडं जाऊन सांगणार आहेत, याचीही मला शंका होती. ती शंका मी ठेवली. पण स्पिरिट हा शब्द मी वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली.

हळद पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटमध्ये झकास विरघळते. म्हणजे संकेतनं हळद पुसली नव्हती, ती पातळ करून पंपाच्या फटीत आणि तिथून रबरी नळीत सोडली होती. नळीनं ती पिऊन ठेवली. नुसतं पाणी फिरवलं तर हळद फारशी चमकत नाही, म्हणून पाणी साफ. पण प्रोटीन आलं की ती त्याला चिकटते, आणि चिकटली की जांभळ्या उजेडात चमकते. शिवाय हळदीच्या रेणूतही उजेड पडला की हायड्रोजन जागचा हलतो, तोही असाच झटपट, पण त्याच्या स्वतःच्या चालीनं. सरांनी पुण्याला जाऊन सांगितलेली छुपी वाट अगदीच खोटी नव्हती. ती फक्त हळदीची होती.

मी बाजारातून नोटा तपासायची छोटी जांभळी बॅटरी आणली. दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळे गेले तेव्हा खोलीत अंधार केला आणि पंपावर ती धरली. हात लावला नाही, लांबूनच. झाकणाच्या आट्यांतून, स्क्रूभोवती, नळी जिथं आत शिरते तिथं, बारीक पिवळट हिरवी रेघ चमकत होती. मला आनंद झाला नाही. मला राग आला, इतका की बॅटरी बंद करायला बोट वळेना.

तिथल्या तिथं धावत जाऊन सांगायचा मोह झाला. सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, हळद तूच लावलीस. आपला जीव वाचवायला रात्रीतून लावलीस. मला त्यांची डोकी आता पाठ झाली होती.

पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हणाले, "सर, मला एक प्रयोग दाखवायचाय. मी कशालाही हात लावणार नाही. गफूरमामांना आणि संकेतला तुम्हीच सांगा काय करायचं ते."

सरांना गंमत वाटली असावी. "कर," म्हणाले.

"एक अंडं लागेल."

"लॅबमध्ये अंडं?" संकेत म्हणाला.

"प्रोटीनच असतं त्यात," मी म्हणाले. एम.एस्सी.च्या पोरांपैकी एकाला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं.

गफूरमामांनी कँटीनमधून अंडं आणलं. त्यांनीच फोडलं. पांढरा भाग जड पाण्यात कालवला, गाळला. संकेतनं मशीन चालू केलं. मी खोलीच्या मधोमध उभी होते आणि दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. कुणीही बघावं. अंड्यात जेलीफिशचं प्रोटीन नसतं. त्यात आमच्या प्रोटॉनची उडी असायचं कारण नाही. पडद्यावर आलेख उमटत गेला आणि छुपी वाट आली. कोंबडीच्या अंड्यात.

संकेतनं आलेख मोठा करून पुन्हा बघितला.

"आता नळी बदला," मी म्हणाले. "पाकिटातली नवीन. आणि पंपाचं डोकं बदला. कपाटात दुसरं आहे." संकेतनं सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. त्यानं बदललं. तेच अंडं, तेच पाणी पुन्हा फिरवलं. वाट नाही. मग त्यानं, मी न सांगताच, माझं ऑक्टोबरातलं शिल्लक सॅम्पल चढवलं. सगळा उजेड मंदावला, जसा मंदावायला पाहिजे तसा. स्वच्छ.

"जुनी नळी अंधारात जांभळ्या उजेडाखाली धरा," मी म्हणाले. गफूरमामांनी धरली. ती पिवळी हिरवी चमकली. एम.एस्सी.चं एक पोरगं नकळत म्हणालं, "हळद!"

सर उठून निघून गेले.

दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्या केबिनमध्ये बस म्हटलं गेलं, आणि खुर्ची दिली म्हटल्यावर मी जास्तच सावध झाले.

"तू हुशार आहेस," सर म्हणाले. "मी नेहमीच म्हणतो." ते कधीच म्हणत नव्हते. "पण हे बघ. बंगळूरवाल्यांना कळवायचं तर आहे. त्यात पूजेचं नाव काढून काय मिळणार? ते हसतील. उद्या कुणी उचललं तर विषय भलतीकडं जाईल. दिवस कसे आहेत, तुला माहितेय."

टेबलावर दोन कागद होते. एक बंगळूरचं पत्र. इंग्रजीत लिहिलेलं. मराठीत सांगायचं तर, सॅम्पल तयार करताना विद्यार्थिनीकडून हाताळणीत दूषितता आली, दिलगीर आहोत. खाली विद्यार्थिनीच्या सहीची जागा. दुसरा कागद माझ्या सिनॉप्सिसचा फॉर्म. त्याच्यावर सरांची सही झाली की माझा प्रबंध पुढे सरकतो. न झाली तर तो तिथंच, आणि फेलोशिपची मुदत जुलैत संपते. दोन्ही कागद अगदी शेजारी शेजारी ठेवले होते. त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्याकडं सरकवलं.

"दोन्ही सह्या एकदमच होऊन जातील," ते म्हणाले.

मी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "सर, त्या दिवशी मी खोलीत असते तर पंपाला हळद लावू दिली नसती. मला माहीत होतं पंपातून काय फिरतं. मॅडमना माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण तुम्ही मला बाहेर ठेवलंत. मी बाहेर होते म्हणून चूक झाली, आणि आता चूक माझ्याच नावावर?"

"बाहेर कुणी ठेवलं? तुला काम होतं."

"चार वर्षं?"

सर अगदी हळू म्हणाले, "फार वाईट वळणानं विचार करतेस तू."

"हो सर," मी म्हणाले. "मी सही करणार नाही."

पेन त्यांच्याकडं परत सरकवलं आणि उठले. दार उघडायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला, कारण ते आत ओढायचं असतं आणि मी ढकलत होते.

संध्याकाळी लातूरहून बाबांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी कुणी पोचवली, मला अजून माहीत नाही. क्लासच्या मालकांची आणि सरांची ओळख असेल. आहेच, असं मी धरून चालते.

"सही करून टाक की माय," बाबा म्हणाले. "एका सहीनं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय?"

"न्हाई बाबा."

"लई लांब आलीस तू. आपल्यात कुणीच न्हाई आलं इतक्या लांब. आता काठावर येऊन कशाला वाकड्यात शिरून राहिलीस?"

"बाबा, त्या दिवशी तुमी डबा उघडला."

मला वाटलं ते विसरले असतील. विसरले नव्हते.

"पोटापायी उघडला," ते म्हणाले. "तुझ्या शिक्षणापायी उघडला."

"मला माहीत हाय."

"मग तू बी आमच्यापायी कर. एवढं एक कर."

बाप असं म्हणतो तेव्हा काय बोलायचं? मला रडू आलं. मी फोन तोंडापासून लांब धरला, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. मग म्हणाले, "न्हाई बाबा. तुमी माझ्यासाठी उघडला. मी कुणासाठी उघडू? माझ्यामागून येणारीला बी मग त्येच सांगतील, तिनं केली की सही, तू बी कर." बाबांनी फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाले, "जेवलीस का?" जेवले म्हणून सांगितलं. जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरमध्ये नोंद केली. तेच तर माझं काम होतं. तारीख, वेळ, कोणती नळी, कोणतं सॅम्पल, कुणी चढवलं, काय दिसलं. कारण म्हणून लिहिलं, पूजेच्या वेळी पंपाला लावलेली हळद, नंतर स्पिरिटनं पुसल्यामुळं नळीत उतरली. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. साक्षीदार म्हणून गफूरमामांना विचारलं.

"नक्को बेटी," ते म्हणाले. "मेरी नौकरी कंत्राटी है. मेरेकू इसमें नक्को डाल."

मी त्यांच्यावर रागावले नाही. साक्षीदाराची जागा कोरी ठेवली आणि त्या पानाचा फोटो काढून घेतला. पान फाडलं जाईल, अशी माझी खात्री होती. चार दिवसांनी ते फाडलं गेलं.

मग मी स्वतः पत्र लिहिलं. दोन पानं. आलेख जोडले, फोटो जोडला. पाठवायच्या आधी विभागप्रमुखांना नेऊन दाखवलं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की पाठीमागून केलं. त्यांनी चष्मा वर सारून वाचलं. वाचून झाल्यावर दार लावून घेतलं.

"तुला नेमकं काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. "माफी पाहिजे का? मी त्यांना सांगतो, चार भिंतींच्या आत ते म्हणतील सॉरी. विषय संपला."

"माफी नको सर. चूक जशी झाली तशी लिहून पाठवा. लॅब त्यांची आहे, त्यांनी सही करावी. मग मी हे पत्र आत्ता फाडते."

"आणि त्यांनी नाही केली तर?"

"तर माझ्या सहीनं जाईल."

"मग गाईड राहणार नाही तुला. दुसरा कुणी घेणार नाही. इथं सगळे एकमेकांचे आहेत, एवढं तुला कळत असेल."

"कळतं सर."

त्यांनी मला शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं. मी थांबले. शुक्रवारी पाच वाजता विचारायला गेले, तर केबिनला कुलूप होतं. साडेपाचला मी पत्र पाठवलं. बंगळूरला, आणि विद्यापीठाच्या कार्यालयालाही.

याला आता पाच महिने झाले. बंगळूरहून दोन ओळींचं उत्तर आलं, मिळालं म्हणून. विद्यापीठाकडून काहीच नाही. फेलोशिप संपली. गाईड नाही. सकाळी बी.एस्सी.च्या पोरांची शिकवणी घेते, दुपारी विभागात जाते. लॅबची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, पण ग्रंथालयात बसायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि लागत असेल तर अजून कुणी तसं मला लिहून दिलेलं नाही. लेखी नसलेलं मी ऐकत नाही आता. हल्ली काही जण येऊन गोड बोलतात. चहा प्यायला ये म्हणतात, सर तसे मनानं वाईट नाहीत म्हणतात. कुणी पाठवलं, हे मी विचारत नाही. चहा पिते आणि आपलं लिहायला बसते.

मी माझा प्रबंध लिहून राहिलेय. चार प्रकरणं झाली आहेत. पाचव्यात ती छुपी वाट आहे, ती कुठून आली, कशी आत शिरली, कुणी शिरवली आणि लॅब तीन महिने तिला शोध कशी समजत होती, हे तारखेवार आहे. परवा विभागप्रमुखांनी निरोप धाडला, ते प्रकरण काढलं तर एखादा गाईड बघता येईल. मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, कागदावर लिहून आणा आणि खाली सही करा. तो परत आला नाही. प्रकरण राहील. पदवी मिळाली तर त्याच्यासकट, नाही मिळाली तर त्याच्यासकट.